रहीमसाहेबांचा पहिला मोसम

श्रोतेहो, फुटबॉल आपल्या देशात आला तो लष्करी छावण्यांमधून, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. १८८८ साली सिमल्याला ड्युरंड कप सुरू झाला, तो मुख्यतः गोऱ्या शिपायांच्या करमणुकीसाठी. तीन वर्षांनी, १८९१ मध्ये, मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला आणि तोही पहिल्याच वर्षी वूस्टरशायर रेजिमेंटच्या एका बटालियननं नेला. पुढची कित्येक वर्षं या दोन्ही कपांवर पलटणींचीच नावं कोरली जात होती. १९११ मध्ये मोहन बागाननं कलकत्त्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकली, त्याची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. पण रोव्हर्स कप हिंदी नागरी संघाच्या हातात यायला १९३७ साल उजाडावं लागलं. तो संघ होता बंगलोर मुस्लिम्स. ड्युरंड कप तर १९४० मध्ये मोहम्मडन स्पोर्टिंगनं जिंकला, तेव्हा कुठे तो पलटणींच्या हातून सुटला.

थोडक्यात, गणवेश आणि फुटबॉल यांचं नातं आपल्याकडे जुनं. आज मला एका गणवेशातल्याच संघाविषयी बोलायचं आहे. पण तो पलटणीचा नव्हे, पोलिसांचा: हैदराबाद सिटी पोलीस. आणि त्याला १९५० साली जो नवा प्रशिक्षक मिळाला, त्याच्या पहिल्या मोसमाविषयी. प्रशिक्षकाचं नाव सय्यद अब्दुल रहीम.

हे नाव आता पुष्कळांच्या ओळखीचं झालं आहे, ते २०२४ मध्ये आलेल्या ‘मैदान’ या हिंदी चित्रपटामुळे. अजय देवगणनं त्यात रहीमसाहेबांची भूमिका केली. चित्रपट चांगला आहे, पण तो सुरू होतो १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधल्या पराभवापासून आणि पोहोचतो १९६२ च्या जकार्तापर्यंत. पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस थेट देशाचा प्रशिक्षक म्हणूनच जन्माला आला असावा. हेलसिंकीच्या आधी काय झालं होतं, ते पडद्यावर येत नाही. माझ्या मते खरी शिकण्यासारखी गोष्ट तिथेच आहे.

१९५० साली आपण मराठवाड्याची माणसं कुठे होतो, हे जरा आठवून पाहा. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे पाचही जिल्हे हैदराबाद राज्यात होते. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली, त्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती. आज ज्याला आपण छत्रपती संभाजीनगर म्हणतो, त्या या शहरातून रेल्वेनं निघालं की गाडीच्या शेवटच्या स्टेशनाचं नाव असायचं काचीगुडा. कॉलेजात शिकायचं तर उस्मानिया विद्यापीठ. राजधानी हैदराबाद, कोर्टकचेरी हैदराबाद. म्हणजे हैदराबादचा संघ हा त्या अर्थानं आपल्याही राज्याचा संघ होता. पण त्यातला ‘पोलीस’ हा शब्द मराठवाड्यातल्या सामान्य माणसाच्या कानाला गोड वाटावा, असे ते दिवस नव्हते. निजामाच्या पोलिसांची आठवण ताजी होती, आणि पोलीस अ‍ॅक्शननंतरच्या दिवसांची आठवण दुसऱ्या बाजूच्या घरांमध्ये ताजी होती. आमच्या मोहल्ल्यातली जुनी माणसं त्या काळाविषयी फार कमी बोलायची. पण फुटबॉलचा विषय निघाला की बोलायची.

रहीमसाहेब शिक्षक होते. जन्म १९०९ चा, हैदराबादचा. उस्मानियात शिकले, बी.ए. झाले, तरुणपणी स्वतः चांगलं फुटबॉल खेळले आणि मग शहरातल्या शाळांमध्ये शिकवत राहिले. काचीगुड्याच्या मिडल स्कूलमध्ये होते, चादरघाट हायस्कूलमध्ये होते. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि ते शिकवू लागले. मी स्वतः बी.ए. असल्यामुळे मला या तपशिलाचं जरा जास्त कौतुक आहे, हे कबूल करतो. बी.ए. झालेल्या माणसाला आपल्याकडे लोक लगेच विचारतात, ‘पुढे काय?’ रहीमसाहेबांच्या बाबतीत त्याचं उत्तर बऱ्याच वर्षांनी मिळालं.

१९४३ मध्ये ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि मृत्यूपर्यंत राहिले. सचिवाचं काम म्हणजे पावत्या फाडणं आणि सामन्यांच्या तारखा लावणं, असा आपला समज असतो. यांनी त्या तारखांमध्येच शिकवणं घातलं. हैदराबादेत त्यांनी मुलांसाठी वेगळ्याच स्पर्धा सुरू केल्या. एक स्पर्धा अशी, की तीत चेंडू पायाशी घोळवत न्यायलाच बंदी. चेंडू आला, की लगेच दुसऱ्याकडे द्यायचा. दुसरी अशी, की खेळाडूनं आपल्या कमजोर पायानंच खेळायचं. म्हणजे उजव्या पायाचा असेल तर डाव्यानं.

ऐकायला गंमत वाटते. पण मी मुशायऱ्यांमध्ये बसलेला माणूस आहे, मला यात काही नवल वाटत नाही. तरही मुशायरा ज्यांनी पाहिला असेल त्यांना लगेच उमगेल. आयोजक एक मिसरा देतात. त्याच वजनात, त्याच काफिया-रदीफमध्ये सगळ्यांनी गझल लिहून आणायची. नवशिक्या कुरकुरतो, की माझे हात बांधले. पण दहा तरही गझला लिहिल्यावर त्याच्या ध्यानात येतं, की ज्या शब्दांच्या कुबड्या घेऊन आपण चालत होतो, त्या काढून घेतल्यामुळेच पायात बळ आलं. रहीमसाहेबांनी मुलांच्या कुबड्या काढून घेतल्या, इतकंच.

आता यामागचं गणित सांगतो, कारण फुटबॉल न पाहणारेही हा कार्यक्रम ऐकतात. त्या काळी आपल्याकडे प्रेक्षकांना आवडायचा तो एकट्यानं चार जणांना चकवत चेंडू नेणारा खेळाडू. टाळ्या त्याला पडायच्या. पण तो चार जणांना चकवत असतो तेवढ्या वेळात समोरचा संपूर्ण संघ मागे येऊन उभा राहतो. याउलट चेंडू पायाला लागताक्षणी पुढे गेला, तर समोरच्याला जागेवर येण्याची सवड मिळत नाही. कितीही चपळ माणूस घ्या, नीट मारलेला चेंडू त्याच्यापेक्षा वेगानं जातो. तेव्हा माणसापेक्षा चेंडूला पळवा, असा हा साधा हिशेब. मात्र तो जमायचा असेल, तर चेंडू येण्याआधीच पुढे तो कोणाला द्यायचा हे ठरलेलं असावं लागतं. म्हणजे नजर पायाशी असून चालत नाही, मैदानभर फिरती लागते. शिवाय चेंडू कोणत्या पायावर येईल याचा भरवसा नसल्यामुळे दोन्ही पाय तयार हवेत. त्या दोन विचित्र स्पर्धांची सांगड इथे लागते. एकीनं नजर घडवली, दुसरीनं पाय.

हे झालं शाळा आणि क्लबांमधल्या मुलांचं. पोलिसांचा संघ वेगळाच होता. सिटी पोलिसांकडे खेळाडू येत ते मुळात नोकरीसाठी. हैदराबाद आणि सिकंदराबादच्या वस्त्यांमध्ये मुस्लिम, ख्रिस्ती, तमिळ, तेलुगू अशा सगळ्या घरांतली पोरं फुटबॉल खेळत, आणि बहुतेक घरं गरीब. चांगला खेळणाऱ्या पोराला पोलिसात भरती मिळाली, की घरात दरमहा पगार येई. त्या काळी फुटबॉलच्या जिवावर पोट भरण्याचा हा एक खात्रीचा रस्ता होता. खात्यालाही फायदा होता. खेळाडू सकाळी परेडच्या वेळी उठणार, एकत्र राहणार, सांगितलेलं ऐकणार. अंगात कस होता, शिस्त होती. रहीमसाहेबांच्या आधी नॉर्बर्ट अँड्र्यू फ्रुव्हॉल यांनी या संघाला घडवलं होतं आणि १९४३ मध्ये या पोलिसांनी बंगलोरला ॲश गोल्ड कपच्या स्पर्धेत ब्रिटिश हवाई दलाच्या संघाला हरवून नाव कमावलं होतं. तेव्हा नव्या प्रशिक्षकाच्या हाती आला तो काही मोडका संघ नव्हता.

मग नव्या माणसानं करायचं काय?

गणवेशातल्या संघाची एक अडचण असते. तिच्याविषयी फारसं बोललं जात नाही. शिपायाला शिकवलेलं असतं, की हुकूम येईपर्यंत हलायचं नाही आणि हुकूम आला की विचारायचं नाही. परेडसाठी हे उत्तम. पण फुटबॉलमध्ये चेंडू पायाशी येतो तेव्हा हुकूम द्यायला कोणी नसतं. रेषेबाहेर उभा राहून प्रशिक्षक कितीही ओरडला, तरी तोवर क्षण निघून गेलेला असतो. निर्णय त्या शिपायालाच घ्यायचा असतो, तोही डोळ्याची पापणी लवायच्या आत. म्हणजे सकाळी ज्याला आपण न विचारता ऐकायला शिकवलं, त्याला संध्याकाळी मैदानात न ऐकता ठरवायला शिकवायचं. जगभरच्या लष्करी संघांच्या आणि लष्करी महाविद्यालयांच्या प्रशिक्षकांपुढे हाच प्रश्न असतो. शिस्त आयती मिळते, पण ती पुरत नाही.

शिक्षकाला हे सोपं गेलं असावं, असं मला वाटतं. वर्गातही तेच असतं. पाढे घोकून घेता येतात, पण परीक्षेत न पाहिलेलं गणित आलं की मुलगा एकटा असतो. एका स्पर्शात चेंडू पुढे देण्याची पद्धत ही त्या अर्थानं घोकंपट्टी आणि निर्णय यांची मिळवणी आहे. कुठे उभं राहायचं, कोण कुठे धावेल, हे हजार वेळा घोटलेलं. त्यांतला कोणता धावणारा या क्षणी मोकळा आहे, हे मात्र ज्याचं त्यानं पाहायचं. पोलिसांची परेडची सवय पहिल्या भागाला उपयोगी पडली आणि दुसऱ्या भागासाठी रहीमसाहेब होते.

आणि त्यांना ओळख करून घेण्यात वेळ घालवावा लागला नाही. सात वर्षं ते शहरातल्या फुटबॉलचे सचिव होते. कोणत्या गल्लीतला कोणता पोरगा कसा खेळतो, हे त्यांना माहीत होतं. तेव्हा १९५० मध्ये प्रशिक्षक नवा होता, असं कागदावर म्हणता येईल. प्रत्यक्षात मास्तर जुनेच होते. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण आज मोठमोठे क्लब पाच-सहा सामने हरले की प्रशिक्षकाला घरी पाठवतात आणि नव्यानं पहिल्याच महिन्यात चमत्कार करावा अशी अपेक्षा धरतात. आमच्या आमखास मैदानावर मुलांना सोडायला येणारे पालकसुद्धा विचारतात, ‘नवीन सर आलेत म्हणे, आता जिंकणार ना?’ पहिल्याच मोसमात यश मिळालेल्या माणसाचं उदाहरण द्यायचं, तर त्याची आधीची सात वर्षंही मोजायला हवीत.

तर तो मोसम. मुंबईला कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्स कपच्या अंतिम सामन्यात हैदराबाद सिटी पोलिसांनी कलकत्त्याच्या आर्यन्सना हरवलं. त्याच मोसमातला ड्युरंड कप दिल्लीला होता. या स्पर्धेला तेव्हा वेगळं महत्त्व होतं. महायुद्ध आणि मग फाळणी, यामुळे १९४१ पासून ती बंदच होती. १९५० मध्ये, प्रजासत्ताकाच्या पहिल्या वर्षी, ती पुन्हा सुरू झाली. स्वतंत्र भारतातला हा पहिला ड्युरंड कप. अंतिम सामन्यात पोलिसांच्या समोर मोहन बागान होता. तोच १९११ चा, लोकांच्या मनात जवळजवळ देशाचाच संघ असलेला. पहिला सामना बरोबरीत सुटला. तो पुन्हा खेळवला गेला आणि पोलीस जिंकले.

दोन वर्षांपूर्वी जे संस्थान बातम्यांमध्ये कशासाठी गाजत होतं, ते आठवलं की या विजयाचं वजन कळतं. राज्य बदललं होतं, वरचे साहेब बदलले होते, खात्यात कोण राहणार आणि कोण जाणार याची चिंता घरोघरी होती. त्या खात्यातले अकरा जण दिल्लीत जाऊन स्वतंत्र भारताचा पहिला ड्युरंड कप घेऊन आले. याचा अर्थ सगळ्या जखमा भरल्या, असं मी म्हणणार नाही. कपामुळे जखमा भरत नाहीत. पण ‘हैदराबाद’ हा शब्द वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरून खेळाच्या पानावर आला, हे काही कमी नव्हतं.

रोव्हर्स कपचं तर पुढे असं झालं, की १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं तो हैदराबाद सिटी पोलिसांनीच नेला. मुंबईत येऊन, मुंबईचा कप, पाच वेळा. ड्युरंडही त्यांनी १९५४ मध्ये पुन्हा जिंकला.

पहिल्या मोसमाचं फळ लगेच मिळालं. मार्च १९५१ मध्ये दिल्लीला पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या, तेव्हा भारतीय संघ रहीमसाहेबांकडे होता. सैलेन मन्ना कर्णधार. नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, लतीफ असे हैदराबादचे खेळाडू संघात होते. अंतिम सामन्यात मेवालालच्या एका गोलनं भारतानं इराणला हरवलं आणि सुवर्णपदक मिळवलं. पुढच्याच वर्षी हेलसिंकीला युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा पराभव झाला, तिथून तुमचा चित्रपट सुरू होतो. त्या पराभवाची कारणं साधी होती. थंडी, पायात बूट नाहीत, आणि घरी ७० मिनिटांचे सामने खेळणाऱ्यांना तिथे ९० मिनिटं खेळायची. त्यानंतर बूट सक्तीचे झाले.

१९५६ मध्ये मेलबर्नला भारत चौथा आला. त्या स्पर्धेत ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा हा मूळचा गोव्याचा, मुंबईत टाटांकडून खेळणारा. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. त्या संघात रहीमसाहेबांनी मधल्या आघाडीच्या खेळाडूला थोडं मागे ठेवून खेळवलं. समोरच्या बचावपटूला कळेना, की याच्यामागे जावं की आपली जागा धरावी. हंगेरीनं हीच युक्ती १९५३ मध्ये वेम्बलीवर इंग्लंडविरुद्ध वापरली होती. हैदराबादच्या शाळामास्तरांचं लक्ष बुडापेस्टकडे होतं, हे ध्यानात घ्या. टीव्ही नव्हता, सामन्यांच्या फिल्म सहज मिळत नव्हत्या. १९६२ चं जकार्ता, तिथल्या प्रेक्षकांचा रोष, दक्षिण कोरियावर २-१ असा विजय, आणि प्रशिक्षकाच्या फुप्फुसात वाढत असलेला कर्करोग, हे सगळं आपण पडद्यावर पाहिलेलं आहे. ते मी पुन्हा सांगत नाही. ११ जून १९६३ रोजी ते गेले. तोपर्यंत पोलिसांच्या संघाची जबाबदारीही त्यांच्याकडेच होती.

मला त्यांची एक वेगळीच गोष्ट आवडते. तुलसीदास बलराम हा सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा वस्तीतला गरीब घरचा मुलगा. रहीमसाहेबांनी त्याचा खेळ पाहिला आणि सरावाला हैदराबादला यायला सांगितलं. पोराकडे यायला पैसे नव्हते. तेव्हा भाड्याच्या सायकलीचे पैसे रहीमसाहेबांनी दिले. बलराम पुढे मेलबर्न, रोम आणि जकार्ता तिन्हीकडे खेळला. २०२३ मध्ये त्याचं निधन झालं. म्हातारपणीही तो ही सायकलीची गोष्ट सांगायचा.

हैदराबादचं फुटबॉल पुढे उतरणीला का लागलं, याचं उत्तर पुष्कळ जण रहीमसाहेबांच्या मृत्यूत शोधतात. मला ते अर्धंच पटतं. एक माणूस गेल्यानं खेळ संपत असेल, तर त्यानं काही उभंच केलं नव्हतं असं म्हणावं लागेल. दुसरा अर्धा भाग नोकरीचा आहे. पोलीस संघ टिकला तो भरतीवर. खेळाच्या जोरावर मिळणारी भरती आटत गेली, तसा वस्तीतल्या पोराचा रस्ताही आटला. रोव्हर्स कपही २००१ नंतर बंद पडला. ड्युरंड कप अजून चालू आहे आणि लष्कराचे संघ अजूनही त्यात खेळतात.

आणि आपल्या मराठवाड्याचं म्हणाल, तर १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपण द्विभाषिक मुंबई राज्यात आलो. भाषेच्या दृष्टीनं ते योग्यच झालं. पण त्या दिवसापासून इथल्या खेळणाऱ्या पोरासमोरचा हैदराबादचा रस्ता बंद झाला, आणि मुंबईचा रस्ता काही त्याच्यासाठी लगेच उघडला नाही. छावणीत आणि आमखासवर फुटबॉल खेळला जात राहिला, आजही खेळला जातो. पण इथून निघून मोठ्या संघात पोहोचायला जी साखळी लागते, म्हणजे शाळा, क्लब, नोकरी आणि पोरं ओळखणारा सचिव, ती इथे पुन्हा जोडली गेली नाही.

रहीमसाहेबांना हयातीत कोणताही मोठा राष्ट्रीय सन्मान मिळाला नाही. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कारच मुळी १९८५ मध्ये सुरू झाला. त्यांचा मुलगा सय्यद शाहिद हकीम हवाई दलात स्क्वाड्रन लीडर झाला, सेनादलाच्या संघाकडून फुटबॉल खेळला, पुढे आंतरराष्ट्रीय पंच झाला. १९६० च्या रोम ऑलिंपिकसाठी निवडलेल्या संघात तो होता आणि संघाचे प्रशिक्षक त्याचे वडीलच होते. पण त्या स्पर्धेत तो एकाही सामन्यात मैदानात उतरला नाही. २०१७ मध्ये त्याला ध्यानचंद पुरस्कार मिळाला आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये तोही गेला.